मिल विकणारे ओल्डहॅमवाले

इंदुरात मिलचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या, एक तर मिलमालक सर हुकुमचंद सेठजी, नाहीतर अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिलांचे सजवलेले देखावे). परदेशीपुरा-पाटनीपुऱ्याकडचे जुने लोक अजून सांगतात कोण कुठल्या खात्यात होता, कोणाचा जॉबर (मुकादम) कसा खडूस होता वगैरे. पण त्या खात्यांमधली मशिनं बनवायचं कोण, हे कोणी विचारत नाही आणि मला तर वाटतं या सगळ्या धंद्यात बरीच वर्षं सगळ्यात पक्का खेळाडू तोच होता, मशिनवाला.

तर या मंडळींतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे प्लॅट ब्रदर्स, गाव ओल्डहॅम, मँचेस्टरच्या शेजारी. सुरुवात 1770 च्या आसपास, हेन्री प्लॅट नावाचा माणूस डॉबक्रॉस नावाच्या खेड्यात कापूस पिंजायची कार्डिंग मशिनं बनवायचा. पुढे त्याचा नातू ओल्डहॅमला आला, हिबर्ट म्हणून एकाबरोबर भागीदारी केली, ‘हिबर्ट अँड प्लॅट’, आणि 1854 मध्ये हिबर्टचं नाव जाऊन प्लॅट ब्रदर्स झालं. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात यांची मशिनं होती. भरभराटीच्या काळात बारा हजारांच्या वर कामगार आणि स्वतःच्या कोळशाच्या खाणी, टेक्स्टाइल मशिनरीत जगात पहिला नंबर.

आता यातली गंमत बघा. इंग्लंडने आधी कापसाची मशिनं देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदीच घातली होती, कारण सरळ आहे, बाहेरच्यांनी सूत काढलं तर लँकेशायरचं कोण घेणार. ही बंदी उठली 1843 मध्ये. आणि उठल्यावर अकराच वर्षांनी, 1854 मध्ये, मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मिलची कंपनी काढली, 1856 मध्ये ती सुरूही झाली, आणि मशिनरी कोणाची, तर प्लॅटची! म्हणजे लँकेशायरचा कापडवाला मुंबईच्या मिलला शत्रू समजणार आणि त्याच्याच शेजारचा मशिनवाला तिला गिऱ्हाईक समजणार. मला यात काही चुकीचं वाटत नाही, मशिनवाल्याला काय, सूत कातायच्या चात्या खपल्याशी मतलब.

आणि विकायची पद्धतही साधी नव्हती. एखाद-दुसरं मशिन नाही, गाठी फोडण्यापासून मागापर्यंत सगळं एकाच घरचं. तुम्ही सांगायचं कापूस कसला, कुठल्या नंबरचं सूत काढायचंय, मग किती कार्डं, किती चात्या, किती माग, कुठलं मशिन कुठे बसेल हा सगळा हिशोब तेच लावून देणार. जोडायला फिटर आणि चालवायला स्पिनिंग मास्तरसुद्धा लँकेशायरहून यायचे. म्हणून तर ज्यांना कापडाचा व्यापार कळत होता पण कारखाना कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं असे लोकही मिलमालक होऊ शकले. अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तिकडचा कापूस थांबला तेव्हा प्लॅटने जिनिंगची मशिनं बनवून हिंदुस्तान नि इजिप्तच्या कापसाकडे मोर्चा वळवला, म्हणजे संकटातही धंदा चालूच.

आपल्याकडे इंदुरात तुकोजीराव होळकर महाराजांनी (दुसरे) स्टेट मिल काढली ती 1870 च्या सुमारास, तेव्हा इंदूरपर्यंत रेल्वेच नव्हती. खांडवा-इंदूर लाइनसाठी महाराजांनी एक कोटी कर्जाऊ दिले, पण रूळ घाट चढून वर यायला त्या दशकाची शेवटची वर्षं उजाडली. त्याआधी ओतीव लोखंडाचे ते सांगाडे नर्मदा ओलांडून घाटावर कसे चढवले असतील याचा नुसता विचार केला तरी दमायला होतं. हत्ती लावले होते असं ऐकत आलोय. असतीलही.

बरं, प्लॅटचं पुढे काय झालं. हीच मंडळी जपानलाही मशिनं देत होती, 1883 मध्ये ओसाकाची मोठी सूतगिरणी सुरू झाली ती प्लॅटच्या म्यूलवर. (म्यूल म्हणजे ती लांबलचक गाडी, पुढे-मागे धावत सूत ओढायची, चालवायला मुरलेला माणूस लागायचा. नंतर रिंग फ्रेम आली, तिला तेवढं कसब लागत नाही, आपल्याकडे आणि जपानात तीच चालली.) आणि मग 1924 मध्ये जपानच्या टोयोडांनी (पुढे टोयोटा मोटर काढणारं घराणं) ‘टाइप जी’ नावाचा माग काढला, आडव्या धाग्याची कांडी संपली की धोटा आपोआप बदलायचा, तोही माग न थांबवता, आणि ताण्याचा (उभा) धागा तुटला की माग आपणहून बंद. एकेका कामगाराला डझनावारी माग सांभाळता यायला लागले. डिसेंबर 1929 मध्ये प्लॅटने याच मागाचे हक्क घेतले, जपान, चीन आणि अमेरिका सोडून बाकीच्या जगासाठी, ठरलेली किंमत एक लाख पौंड. दीडशे वर्षं जगाला मशिनं शिकवणारं घराणं गिऱ्हाइकाकडून नवा माग विकत घेतंय, आणि तेही मंदीच्या तोंडावर.

या पैशातून टोयोटा मोटर उभी राहिली अशी गोष्ट नेहमी सांगतात. मोटारीच्या संशोधनाला त्याचा हातभार लागला एवढं खरं, पण एका चेकवर अख्खी मोटार कंपनी उभी राहते हे काही मला पटत नाही, मागे मागांचा आणि सुताचा चालता धंदा होता तो विसरून कसं चालेल.

प्लॅटला मात्र त्या मागाने तारलं नाही. 1931 मध्ये लँकेशायरच्या बड्या मशिनवाल्यांना, प्लॅट, डॉब्सन अँड बार्लो, हॉवर्ड अँड बुलो वगैरे, एकमेकांशी भांडायचं सोडून सूतकताईची मशिनं एकाच कंपनीखाली आणावी लागली. तोपर्यंत गिऱ्हाईकंच मशिनं बनवायला लागली होती, मग आपल्याकडेही ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात सिमको या बिर्लांच्या कंपनीचे माग निघाले, 1962 मध्ये कोइमतूरला लक्ष्मी मशिन वर्क्स उभी राहिली. ओल्डहॅमचा कारखाना 1982 मध्ये बंद झाला. हुकुमचंद मिल 1991 मध्ये, म्हणजे मशिनवाला आधी गेला आणि मिल नंतर.

टाइप जी बघायचा असेल तर नागोयाला टोयोटाच्या म्युझियममध्ये जावं लागतं. आपल्या गावात एवढ्या मिला होत्या, एखादी रिंग फ्रेम तरी कुठल्या चौकात नीट छत घालून ठेवायला हरकत नव्हती, तोफा ठेवतातच की.