भाता बघितला, प्लेट राहिली

जुना फोल्डिंग कॅमेरा घेताना जो तो सांगतो, भाता बघ, म्हणजे लेन्स आणि फिल्मच्या मधली, बाहेरचा उजेड अडवणारी घड्यांची पिशवी. बघितला ना मी! रात्री बाथरूमचा लाईट बंद करून आत मोबाईलचा टॉर्च धरून घडीन् घडी तपासली, एक भोक नाही. बायकोला दाखवायला गेलो तर म्हणाली, झोपा आता.

कॅमेरा म्हणजे ममिया सिक्स, १९४० चं डिझाईन, जपान तेव्हा चीनशी लढत होता. १२० नंबरच्या रुंद फिल्म रोलवर सहा बाय सहा सेंटीमीटरचे १२ फोटो.

मी याच्यावर भाळलो ते फोकसमुळे. बऱ्याच फोल्डिंगमध्ये लेन्सची नुसती पुढची काच फिरते, पण त्याने जवळच्या फोटोची धार जाते, आणि अख्खी लेन्स हलवायची तर ती बसलीये उघडमीट करणाऱ्या दाराच्या टोकाला, तिथून अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरला जोडायची म्हणजे डोक्याला ताप. सेइची ममिया यांनी काय केलं, लेन्स ठेवली जागेवर आणि आत फिल्मच पुढेमागे सरकवली! पाठीमागे अंगठ्याखाली एक चाक, ते फिरवायचं, रेंजफाइंडरमधली दोन चित्रं एकावर एक आली की झालं. मला तर हे त्या नावाजलेल्या लायका कॅमेऱ्यापेक्षा भारी वाटतं, भांडायचं असेल तर या ठाण्याला.

रविवारी सकाळी तलावपाळीला गेलो, कोपिनेश्वराचा कळस, पॅडल बोटी, बाकावर पेपर वाचणारे आजोबा, सगळं शांतपणे मोजूनमापून काढलं. रोल धुवून आला तर आजोबा धुरकट आणि एका कडेचं झाड मात्र टकाटक, असं कसं? आधी रेंजफाइंडरला शिव्या घातल्या, मग झाकण उघडून नीट बघितलं तर फिल्मला मागून दाबून सपाट ठेवणारी प्लेटच नाही! ममिया सिक्समध्ये ती सुटी निघते, म्हणून हरवतेही. म्हणजे जी फिल्म सरकवण्यात सगळी हुशारी ती आत पोट सुटल्यासारखी फुगून बसलेली.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, कसली प्लेट?

सध्या प्लेटसाठी मोडका ममिया सिक्स शोधतोय, माळ्यावर कुणाचा पडला असेल तर सांगा. भाता फाटका असला तरी चालेल.