डिकीतल्या दोन सीट्स

माझ्या गाडीच्या डिकीत कायम दोन चाइल्ड सीट असतात. एक पट्ट्यांची, लहानग्यांसाठी. दुसरी बूस्टर, म्हणजे जरा मोठ्या मुलाला उंच करून बसवायची बैठक. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात आठ वर्षांखालच्या मुलाला अशा सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही, आणि माझ्या कामाचा अर्धा दिवस मुलांना घेऊन जाण्यातच जातो. डॉक्टरकडे, कोर्टात, आईला भेटायला, परत. मी शिकागोत एका खासगी संस्थेत फॉस्टर केअरची, म्हणजे घरातून काढलेल्या मुलांना दुसऱ्या घरी ठेवून सांभाळण्याच्या व्यवस्थेची, केसवर्कर आहे.

युरोपात कुठे सरकारने भारतीय आईबापांचं मूल ताब्यात घेतल्याची बातमी आली की आईचा हमखास फोन येतो. "तुम्ही पण असंच करता का गं?" मूल घरातून काढायचं की नाही, हे मी ठरवत नाही. ते सरकारी तपासनीस आणि न्यायाधीश ठरवतात. पण त्यानंतर ते मूल आमच्या हवाली होतं, आणि तिथून पुढे ते किती वर्षं अधांतरी राहणार हे पुष्कळसं आमच्यावर असतं. आमच्यावर म्हणजे संस्थेवर. आणि संस्थेला पैसे कसे मिळतात, यावर. आईला फोनवर हे कधी नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिकागोच्या पश्चिम भागात, कीस्टोन अव्हेन्यूवरच्या एका घरात पोलीस शिरले. शोध अमली पदार्थांचा होता. सापडली १९ मुलं, घाणीत, कडाक्याच्या थंडीत. देशभर गदारोळ झाला. त्यानंतर तपासनीस जरा शंका आली तरी मूल उचलू लागले, कारण मागे ठेवलेल्या मुलाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? १९९७ पर्यंत राज्याच्या ताब्यातली मुलं ५१ हजारांच्या आसपास गेली. लोकसंख्येच्या प्रमाणात हा आकडा देशात सगळ्यांत वरच्यांपैकी होता. शिकागोतली त्यातली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. आणि फार मोठा हिस्सा परक्यांकडे नव्हे, तर स्वतःच्याच आजीकडे, मावशीकडे, आत्याकडे राहत होता. नातेवाइकांनाही परक्यांइतकाच भत्ता द्यावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये इलिनॉयच्याच एका खटल्यात सांगितलं होतं.

म्हणजे मूल आजीकडे आहे, जेवतंय, शाळेत जातंय. पण कागदावर ते सरकारचं. सहलीला जायचं तर केसवर्करला विचारा. दर महिन्याला कुणीतरी येऊन फ्रिज उघडून बघणार. दर सहा महिन्यांनी कोर्ट. असं पाच-पाच, सात-सात वर्षं.

का? आमच्या ऑफिसात एक जुनी सहकारी आहे, निवृत्तीला आलेली. ती त्या काळात नवी होती. तिने मला हे गणित एका दुपारी जेवताना समजावलं. तेव्हा संस्थेला पैसे मिळायचे मुलामागे, दिवसाप्रमाणे. मूल यादीत आहे तोवर पैसे चालू. मूल आईकडे परतलं किंवा दत्तक गेलं की त्या दिवसापासून बंद. जी संस्था जीव तोडून मुलांना घरी पोचवेल तिचं उत्पन्न घटणार, पगार द्यायला पैसे उरणार नाहीत. जी काहीच करणार नाही ती निर्धास्त. "कुणी वाईट नव्हतं," ती म्हणाली. "फक्त घाई कुणालाच नव्हती."

हे ऐकताना मला एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, काळातलं एक बालगृह आठवलं, आपल्याकडचं. तिथेही परिपोषण अनुदान मुलामागेच यायचं. अधीक्षक सर मनाने चांगले होते, मुलांची नावं त्यांना पाठ होती. पण पटावरची संख्या घटली की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि एखाद्या मुलाच्या मामाचा पत्ता शोधत गृहभेटीला जायचं म्हटलं तर एसटीचं भाडं कुठल्या खात्यातून काढायचं हाच प्रश्न. मी तेव्हा मनातल्या मनात त्यांना दोष दिला होता. आता देत नाही.

इलिनॉयने जुलै १९९७ मध्ये शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीत खासगी संस्थांबरोबरचे करार बदलले. तेव्हा जेस मॅकडॉनल्ड हे राज्याच्या बालकल्याण खात्याचे, डीसीएफएसचे, संचालक होते. नवी अट साधी होती. एका केसवर्करकडे साधारण २५ मुलं. वर्षभरात त्यांच्या जवळपास चौथा हिस्सा नवी मुलं घ्यायचीच, आणि तेवढीच कायमच्या घरी पोचवायची: स्वतःच्या आईबापांकडे, दत्तक, किंवा कायदेशीर पालकाकडे. जास्त पोचवली तर हाताखालची मुलं कमी होतील, पण पैसे तेवढेच राहतील, म्हणजे उरलेल्या मुलांना जास्त वेळ मिळेल. कमी पोचवली तर मुलं साचत जातील आणि वाढीव मुलांचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. फार मागे पडलेल्या संस्थेकडे नवी मुलं पाठवणंच बंद. शिवाय मूल घरी पोचवण्याच्या कामासाठी जादा माणसं नेमायला सुरुवातीलाच पैसे दिले. हा शेवटचा भाग लोक विसरतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. नुसता धाक दाखवून कुणाचं काम सुधारत नाही. हातात माणूस द्यावा लागतो.

१९९९ या एका वर्षात राज्यात सात हजारांहून जास्त मुलं दत्तक गेली. दहा वर्षांत ताब्यातल्या मुलांची संख्या वीस हजारांच्या खाली आली. हे सगळं एकट्या कराराने झालं असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दत्तकविधानाला जोर देणाऱ्या नव्या कायद्यावर सही केली होती, आणि राज्याला आणखी एक परवानगी मिळाली होती. ती मला सगळ्यांत जवळची वाटते.

माझ्याकडे एक मुलगा होता. नाव सांगता येत नाही, काही तपशीलही मी बदलले आहेत. पहिल्यांदा गाडीत घेतला तेव्हा तीन वर्षांचा होता, पट्ट्यांच्या सीटमध्ये बसायचा. आजीकडे राहायचा. त्याची आई व्यसनातून बाहेर यायची, पुन्हा जायची. कोर्ट म्हणालं, आता वाट बघणं पुरे. आजीला विचारलं, दत्तक घेता का? दत्तक म्हणजे आधी आईचे हक्क कायमचे तोडायचे, मग आजी कागदोपत्री आई. आजी स्वयंपाकघरात हिरव्या शेंगा मोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "माझ्याच मुलीला मी 'तू त्याची कोणी नाहीस' असं लिहून देऊ? मी आजी आहे. आजीच राहीन."

जुन्या काळी असं उत्तर आलं की फाईल वर्षानुवर्षं उघडी राहायची. कागद हलत नव्हते ते बऱ्याचदा या एका वाक्यापाशी. इलिनॉयने केंद्राकडून परवानगी घेऊन भत्त्यासह पालकत्व सुरू केलं: आजी कायदेशीर पालक होते, महिन्याचा भत्ता चालू राहतो, केसवर्कर आणि कोर्ट घरातून बाहेर पडतात, आणि आई ही आईच राहते. २००८ मध्ये केंद्राच्या कायद्याने ही वाट सगळ्या राज्यांना खुली झाली. करारात हे पालकत्वही 'कायमचं घर' म्हणून मोजलं गेलं. नसतं मोजलं, तर माझ्यासारखीने आजीला दत्तकासाठीच गळ घातली असती.

कारण आम्ही मोजलं जातं त्याच्या मागे धावतो. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. इथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. पूर्वीच्या एका संस्थेत मे महिना लागला की दर सोमवारी विचारणा व्हायची, यंदा किती केस बंद होणार? एका मुलीची मावशी तयार होती, पण पुरती नव्हती. तिला अजून चार-सहा महिने आधार हवा होता, हे मला दिसत होतं. माझ्या अहवालात मी ते जितक्या ठामपणे लिहायला हवं होतं तितकं लिहिलं नाही. जूनमध्ये केस बंद झाली. आठ महिन्यांनी ती मुलगी परत आली, दुसऱ्या घरात, दुसऱ्या शाळेत, आणि मला बघून तिने तोंड फिरवलं. आकड्यांच्या तक्त्यात तिची पहिली नोंद आजही यश म्हणूनच असेल.

म्हणून मला वाटतं, यादीतून बाहेर पडलेली मुलं मोजताना वर्षाने, दोन वर्षांनी ती त्या कायमच्या घरीच आहेत का, हेही तितक्याच जोराने मोजायला हवं. आणि स्वतःच्या आईबापांकडे परतलेली मुलं किती, हे वेगळं. इलिनॉयमध्ये त्या वर्षांत मोठी झेप दत्तक आणि पालकत्वाने घेतली. आईबापांकडे परतण्याने तशी नाही. आईला घर मिळवून देणं, व्यसनमुक्तीत जागा मिळवून देणं, याला वेळ लागतो. ज्या कामाला वेळ लागतो ते करारात वेगळं धरलं नाही तर मागे पडतं.

त्या मुलाच्या पालकत्वाचा निकाल एका जूनमध्ये लागला. हॅमिल्टन अव्हेन्यूवरचं बाल न्यायालय. जगातलं पहिलं बाल न्यायालय १८९९ मध्ये याच काउंटीत सुरू झालं. न्यायाधीशबाईंनी त्याला पुढे बोलावलं, विचारलं, कुठे राहायचंय? तो म्हणाला, "मी राहतोच तिथे." पाच मिनिटांत सही झाली. तो सहा वर्षांचा होता, तोवर बूस्टरवर आला होता. बाहेर आल्यावर सवयीने माझ्या गाडीकडे निघाला. आजीने हाताला धरलं आणि दोघं रूझवेल्ट रोडवरच्या बसथांब्याकडे चालू लागली. मी बूस्टर काढून डिकीत ठेवली.

सोमवारी नवी फाईल आली. दोन वर्षांची मुलगी. मी पट्ट्यांची सीट काढली आणि पट्टे दोन खाचा खाली ओवून घेतले.