चौथी पुडी

आमच्या लॅबमध्ये नमुने येतात ते बहुतेक कुरियरने. नमुना घेऊन माणूस स्वतः आला की समजायचं, एकतर बिल कमी करून हवंय, नाहीतर रिपोर्टमध्ये काहीतरी लिहून हवंय. त्या दिवशी आलेल्या काकांना यातलं दुसरं हवं होतं.

सांगलीकडचे डाळगिरणीवाले. खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. त्यांनी टेबलावर तीन पाकिटं मांडली : अख्खा मसूर, सालं काढून भरडलेली केशरी डाळ आणि तीच डाळ पॉलिश मारून.

"मॅडम, ह्यात अँटिऑक्सिडंट किती हाय तेवढं काढून द्या. पाकिटावर छापायचंय. पॉलिशवाल्याचं जरा ठळक येऊ दे, तो माल जास्त जातो."

मी म्हटलं, येईल ते येईल. ते मनमोकळं हसले. उठता उठता पिशवीच्या तळातून वर्तमानपत्राची एक पुडी काढून त्यांनी कडेला सरकवली. "ही चुनी. म्हशींच्या खाद्यात जाते. गोठेवाला म्हणतोय माती लागते. ह्याची फी देणार न्हाई हां, नुसती नजर टाका."

चुनी म्हणजे गिरणीत मसुराची सालं निघतात ती, आणि सोबत डाळीचा बारीक चुरा. पुडी उघडली तर तपकिरी भुगा. भिंगाखाली माती दिसली नाही. आमच्या रॅकमध्ये एक जागा रिकामी होती, म्हणून तीही लावून टाकली. यामागे शास्त्रीय विचार वगैरे काही नव्हता. रिकामी जागा बघवत नाही, एवढंच.

चारही नमुने दळले, सारख्या वजनाचे घेतले आणि पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये हलत ठेवले. अ‍ॅसिटोन सत्तर टक्के, कारण मसुरातली टॅनिन्स, म्हणजे त्यातली मुख्य अँटिऑक्सिडंट्स, नुसत्या मिथेनॉलमध्ये नीट उतरत नाहीत. नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा वास दिवसभर खोलीत राहतो. अकरा वर्षं झाली, घरी गेल्यावर मुलगी अजून नाक मुरडते.

मग डीपीपीएच. नाव लांबलचक आहे, पण बघायला फार सुंदर रसायन. मिथेनॉलमध्ये विरघळवलं की जांभळाच्या रसासारखा गडद रंग येतो. त्याच्या रेणूतल्या एका नायट्रोजनवर एक इलेक्ट्रॉन एकटाच असतो, जोडीदाराच्या शोधात. समोर हायड्रोजन देऊ शकणारं संयुग, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, आलं की जोडी जमते आणि जांभळा रंग विरून फिकट पिवळा उरतो. रंग किती गेला ते ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं. त्याआधी नळ्या अर्धा तास अंधारात ठेवायच्या, त्यासाठी आम्ही फॉइल गुंडाळतो. स्वयंपाकघरातली पोळ्यांची फॉइलच ती.

पहिल्या तीन नळ्यांत थेंब सोडले, काही खास नाही. चौथ्या नळीत चुनीचा अर्क सोडला आणि पिपेट हातात असतानाच रंग गेला. फॉइल गुंडाळायलासुद्धा वेळ मिळाला नाही. काचेत पिवळसर पाणी.

आनंद वगैरे काही झाला नाही. पहिला संशय आला आवळ्याचा. सकाळी त्याच टेबलावर आवळा कँडीचे नमुने झाले होते, आणि आवळ्याचा अंश काचेला राहिला तर जांभळ्याचं पिवळं करायला तो पुरेसा आहे. काचसामान धुणाऱ्या मामांकडे मी बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. "मी तीनदा विसळलंय," मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले.

तरी सगळं पुन्हा केलं. नव्या नळ्या, नवा अर्क. या वेळी चुनीचा अर्क दहापट पातळ केला, आणि अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग मोजमापात मिसळू नये म्हणून डीपीपीएचशिवायची एक नळी वेगळी ठेवली. पहिल्या फेरीत घाईत ती विसरले होते. ते मामांना सांगितलं नाही.

अर्ध्या तासाने आकडे आले. आकडा जितका लहान, तितका जांभळा रंग जास्त गेला, म्हणजे अँटिऑक्सिडंट जास्त. नुसत्या डीपीपीएचच्या नळीचा ०.९२. पॉलिश डाळ ०.८१. साधी डाळ ०.८०, म्हणजे पॉलिशने ना काही मिळवलं, ना गमावलं. अख्खा मसूर ०.४१. आणि दहापट पातळ केलेली चुनी ०.४८.

या शेवटच्या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसले. मसुराच्या दाण्यात सालाचं वजन साधारण आठ ते दहा टक्के, म्हणजे दशांशाच्या आसपास. चुनी दहापट पातळ केली आणि ती जवळजवळ अख्ख्या मसुराच्या शेजारी येऊन बसली. थोडी कमी पडली, कारण तिच्यात डाळीचा चुराही होता. म्हणजे अख्ख्या दाण्याची सगळी कमाई बहुतेक त्या सालाची. कॅटेचिन, त्याच्या साखळ्या जुळून झालेली टॅनिन्स, केम्फेरॉलची संयुगं, ही सगळी अँटिऑक्सिडंट्स सालात. आतल्या केशरी डाळीत फेरुलिक आम्लासारखी फिनोलिक आम्लं असतात, पण थोडी. पुस्तकात हे कितीदा वाचलं होतं. वर्तमानपत्राच्या पुडीतून ते समोर येईल असं वाटलं नव्हतं.

साडेचारला काका चहा पिऊन परत आले. मी आकडे दाखवले. ते आधी पॉलिशच्या ओळीवर बोट ठेवून थांबले, मग चुनीवर.

"म्हंजे म्हशी खात्यात ते चांगलं, आन् माणसं खात्यात ते…?"

"डाळ वाईट नाही काका. प्रथिनं तिच्यातच आहेत. तुम्ही विचारलेली गोष्ट तेवढी सालात आहे."

ते जरा गप्प झाले. मग व्यापारी जागा झाला. "मग चुनीचीच पावडर करून विकू. शंभर ग्रॅमची डबी. तुमचा आकडा वर, खाली 'हृदयरोगावर गुणकारी'. तेवढं लिवून द्या की."

माझ्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग इथे सुरू होतो. आकडा माझा आहे, पण तो काचेच्या नळीतला आहे. नळीत जठर नाही, आतडं नाही, यकृत नाही. सालातली ही पॉलिफेनॉल्स, म्हणजे टॅनिन्स आणि त्यांचे भाऊबंद, पोटात गेली की थोडीच जशीच्या तशी रक्तात उतरतात, बाकीची आतड्यातले जिवाणू मोडून त्यांचं वेगळंच काहीतरी करतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने एकेकाळी पदार्थांच्या अशाच आकड्यांचं मोठं कोष्टक काढलं होतं. कंपन्या ते जाहिरातीत नाचवायला लागल्या, आणि शरीरातल्या परिणामाशी त्याचा संबंध सिद्ध नाही म्हणून २०१२ मध्ये खात्याने ते काढून टाकलं. आपल्याकडेही अन्नाच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल २०१८चे नियम आहेत. रोग बरा होतो असं पाकिटावर वाटेल तसं छापता येत नाही. शिवाय गिरणीतली चुनी माणसाने खायची तर धूळ, बुरशीचं विष, फवारणीचे अंश, सगळं आधी तपासावं लागेल. साल हेच दाण्याचं बाहेरचं कातडं, जे काही लागतं ते आधी त्याला.

हे सगळं मी सांगितलं, पण काकांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. शेवटी म्हटलं, "चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकून टाका."

त्यांनी ठेवली. पाच सेकंदांत गाल आत ओढले गेले, डोळे बारीक झाले. कच्चं केळं चावल्यावर होतं तसं.

"तुरट हो!"

"तेच टॅनिन. लाळेतली प्रथिनं धरून बसतं, म्हणून तोंड आखडतं. पोटात तसंच लोहालाही धरतं. मसुरातलं लोह अंगी लागू द्यायचं तर लिंबू पिळावं ते त्यासाठी."

"म्हंजे जे चांगलं तेच वंगाळ?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही.

त्यांनी तोंड धुतलं, दोन ग्लास पाणी प्यायले आणि मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, "आमच्या इस्लामपुराकडं ढाब्यावर अख्खा मसूरच चालतो. रस्सा ओरपून खात्यात. डाळ कुणी मागत न्हाई."

रस्सा ओरपतात हे बरंच. शिजवताना सालातलं बरंच काही पाण्यात उतरतं. पाणी ओतून दिलं तर ते मोरीत. मी रिपोर्टवर चारही आकडे, पद्धत आणि 'हे मापन परीक्षानळीतील आहे' असं एक वाक्य घातलं. चुनीची फी लावली नाही. पाकिटावर काय लिहू, असं त्यांनी दारातून पुन्हा विचारलं. 'सालासकट अख्खा मसूर' एवढं लिहा म्हटलं. "एवढंच?" म्हणाले, आणि चपला घातल्या.

महिन्याभराने लॅबच्या पत्त्यावर पाच किलोची पिशवी आली. अख्खा मसूर, वर काहीच छापलेलं नाही. थोडा मामांना दिला, थोडा घरी नेला. रविवारी कांदा-लसूण मसाला घालून लोखंडी कढईत रटरटायला ठेवला आणि मुलीचा अभ्यास घ्यायला बसले. परत आले तर रस्सा दौतीतल्या शाईसारखा काळा. जुन्या काळी शाई अशीच करत, टॅनिन आणि लोहाची. अकरा वर्षं या रेणूंवर पोट भरणाऱ्या बाईला ते गॅस पेटवताना आठवलं नव्हतं.

सासूबाईंनी झाकण उचलून बघितलं.

"मसूर कुणी लोखंडात करतं का गं?" म्हणाल्या, आणि लिंबू चिरायला घेतलं.