पुस्तकांचं कपाट, नोंद चौथी: बारा व्होल्ट की अठरा?

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, बॅटरीवरचं ड्रिल घेईन तर अठरा व्होल्टचंच. ते शब्द मुकाट्याने गिळतो. परवा बोहरी आळीतून पिशवीत घालून आणलं ते बाराचं, आणि तेही दोन शनिवार-रविवार दोन्ही यंत्रं घासून पाहिल्यावर. अठराचं ऑफिसातल्या मित्राचं होतं, बाराचं खालच्या मजल्यावरच्या काकांचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा बाबांनी सागवानी तुळया ठेवून घेतल्या होत्या. त्या वखारीत चिरून आणल्या, त्यांची सहा दारं होणार. सांगाडा १८ मिमी प्लायचा, कर्वेनगरच्या हॉलमधल्या भिंतीला बांधायचा.

आधी आकड्यांचा घोळ. ‘१२’ म्हणजे आत तीन लिथियम सेल एकापुढे एक, प्रत्येकी ३.६ व्होल्ट. हिशेब १०.८ चा लागतो, पण बॅटरी ताजी भरलेली असताना मीटर बाराच्या वर दाखवतो, म्हणून डब्यावर १२. अठरात तसेच पाच सेल. आणि दुकानदार ‘हे वीसचं आहे, अठरापेक्षा भारी’ म्हणाला तर नुसतं हसा. वीसच्या डब्यातही तेच पाच सेल असतात, फक्त मोजलेलं ताज्या भरलेल्या अवस्थेत.

खरा फरक पडतो तो साठ्याचा. काकांच्या ड्रिलची बॅटरी २ अँपिअर-अवरची, म्हणजे २१.६ वॉट-अवर. मित्राची ४ ची, म्हणजे ७२. तिपटीहून जास्त. शिवाय ३०० वॉट काढायचे तर अठराला साधारण १७ अँपिअर पुरतात, बाराला २८ लागतात, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणून छोटं यंत्र सतत जोर लावला की तापतं. मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर काम करताना बॅटरी इतकी गरम झाली की चार्जरने ती घेईचना, नुसता दिवा लुकलुकत बसला. मग ती माठाशेजारी सावलीत ठेवली, निवल्यावरच चार्जिंग सुरू झालं.

हे सगळं अठराच्या बाजूने जातं. मग माझं मत फिरलं कुठे? पहिल्यांदा फिरलं दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीच्या मधल्या जागेत.

तिथे मोकळी उंची २४० मिमी आहे. काकांचं ड्रिल चकच्या (बिट पकडणाऱ्या जबड्याच्या) टोकापासून मागपर्यंत १६५ मिमी, वर स्क्रू पिळायचा ५० मिमीचा बिट, झाले २१५. उभं मावतं, स्क्रू सरळ जातो. मित्राचं यंत्र २०५, बिट धरून २५५. मावत नाही म्हणून मी तिरकं धरलं आणि दोन स्क्रूंची डोकी खाल्ली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनंही केली (कणकेच्या डब्याशेजारी ड्रिल पाहून बायकोने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही): ९६० ग्रॅम आणि १ किलो ७५०. हातात नुसतं धरून पाहिलं तर हा फरक काहीच वाटत नाही. डोक्याच्या वर हात करून विसावा स्क्रू पिळताना वाटतो.

स्क्रूंसाठी ताकद मात्र दोन्हींची पुरते. ३ मिमीचं भोक आधी पाडून दीड इंची स्क्रू प्लायमध्ये बसवायला बाराला काही कष्ट पडले नाहीत. सांगाड्याचे शंभरेक स्क्रू एका चार्जिंगमध्ये झाले. सागवानात जाणाऱ्या स्क्रूंना मिस्त्री लोकांसारखा साबण लावा. आणि काळे जिप्समचे स्क्रू सागवानात वापरू नका, ठिसूळ असतात, मानेतच तुटतात. माझे तीन तुटलेत, एक अजून आत आहे.

दुसरा प्रसंग मनगटाचा. कपाटाच्या बिजागरीला ३५ मिमीचं वाटीसारखं भोक लागतं. जुना सागवान म्हणजे जवळपास दगड, त्यात कुठे गाठ, कुठे तुटलेला खिळा. बाराचं यंत्र अशा जागी अडकलं, कण्हलं, थांबलं. बिट उलटा फिरवून काढला, संपलं. अठराचं तिथे थांबलं नाही. बिट अडकला, मग बाकीचं यंत्र फिरलं आणि त्याबरोबर माझं मनगट. त्याची कमाल पीळ ५४ न्यूटन-मीटर लिहिलेली आहे. मूठ चकच्या मध्यापासून १५ सेंमी खाली धरली तर ३६० न्यूटन, म्हणजे ३६ किलोचं पोतं एका झटक्यात हातावर. बाराच्या ३० न्यूटन-मीटरला हाच हिशेब वीस किलोचा येतो. ठरावीक जोरानंतर पकड सोडणारा क्लच असतो, पण ड्रिलच्या खुणेवर ठेवलं की तो बाजूला पडतो, वाचवत नाही. बाजूची मूठ लावली असती तर निभावलं असतं, पण ती मी ‘मध्ये येते’ म्हणून काढून ठेवली होती. चार दिवस चहाचा कप डाव्या हाताने.

एवढं होऊनही मी अठराचंच घेणार होतो, भिंतीसाठी. वाड्याच्या भिंतीत खिळा हाताने जायचा आणि सणाला तोरणासकट बाहेर यायचा. आमची इथली इमारत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, साइटवर ज्याला मायवान म्हणतात ती. विटा नाहीतच, आतल्या भिंतीही काँक्रीटच्या. बाराच्या यंत्राला ठोका (बिट फिरता फिरता पुढे आपटण्याची सोय) नव्हता, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. अठराचं ठोक्यावर ठेवून चार मिनिटं रेटलं, ८ मिमीचं भोक बोटाच्या पेरापुरतं खोल गेलं आणि बिटचं टोक निळं पडलं. या ड्रिलमध्ये ठोका म्हणजे दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात, तेवढाच. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबून खरा घाव घालतो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून वायरचा रोटरी हॅमर दिवसाच्या भाड्याने आणला. बाराही भोकं, गिट्ट्या ठोकण्यासकट, अर्ध्या तासात. दुपारी २ ते ४ ठोकाठोकी बंद अशी सोसायटीची पाटी आहे, दोनच्या आत आवरलं.

म्हणजे ज्या भिंतीसाठी मी मोठं यंत्र घेणार होतो, ते काम मोठ्या यंत्राचंही नव्हतं.

आता कोणी म्हणेल, पुढे गोल करवत घ्यायची झाली तर? तिथे माझं उत्तर नाही, तुमचंच बरोबर. करवत, ग्राइंडर, जिगसॉ एकाच बॅटरीवर चालवायचे असतील तर पहिल्या दिवशीच अठराचं कुटुंब निवडा. एकदा दोन बॅटऱ्या आणि चार्जर घेतला की ती सोयरीक मोडणं महाग पडतं. मी प्लाय टिंबर मार्केटमधूनच मापाने कापून आणतो, सहाव्या मजल्यावर करवतीचा भुसा उडवण्याची मला परवानगीही नाही, जागाही.

बाराच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, एक चार्जिंगला, एक कामाला. ३५ मिमीच्या वाट्यांसाठी रविवारी जुन्या बाजारातून हाताने फिरवायचं गिरमिट आणलं. दांडा हलतो, पण गाठ आली की हाताला आधी कळतं.

सद्यस्थिती: सहापैकी चार दारं लागली. तिसरं दोन मिमी खाली आहे. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईने चष्मा न लावता ओळखलं.