एसीएलसाठी कंडरा कुठून घ्यायची, यावर देशोदेशीचे सर्जन वेगळं का सांगतात?

"अमेरिकेत पुतण्याचं एसीएल वाटीखालच्या कंडरेतून केलं. इथे डॉक्टर मांडीमागची कंडरा घेणार म्हणतात. आपल्याकडे जुनी पद्धत चालते का?" शस्त्रक्रियेआधी नातेवाईक हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नाही. दोन्ही पद्धती आजच्याच आहेत. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट). तो तुटला की त्याच्या जागी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बसवतात. बसवलेल्या या कंडरेला ग्राफ्ट म्हणतात.

वाटीखालच्या कंडरेचा मधला 10 मिलिमीटर रुंद पट्टा घेतात, दोन्ही टोकांना 20 ते 25 मिलिमीटर लांबीचे हाडाचे तुकडे ठेवून. ग्राफ्ट बसवायला हाडात पाडलेल्या बोगद्यात हाडाला हाड मिळतं आणि लवकर सांधतं, म्हणून अमेरिकेत खेळाडूंसाठी याला पसंती. त्रास होतो तो गुडघे टेकताना. नमाज पढणाऱ्याला किंवा फरशी बसवणाऱ्याला तो रोजचा होऊ शकतो. जपानमध्ये गुडघे दुमडून जमिनीवर बसतात. तिथे हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या कंडरांचा, वापर रुजला आणि दोन पदरांचं एसीएल करण्याचं तंत्रही बहरलं.

आपल्याकडेही हॅमस्ट्रिंगच जास्त. नडगीच्या आतल्या बाजूला साधारण 3 सेंटिमीटरचा छेद घेऊन सेमिटेंडिनोसस आणि ग्रॅसिलिस या दोन कंडरा काढतात. सेमिटेंडिनोससपासून पोटरीकडे जाणारे पट्टे आधी कापायलाच हवेत. एखादा राहिला, तर स्ट्रिपर (कंडरा सोडवून काढायचं हत्यार) तिथे भलतीकडे वळतो आणि कंडरा तोकडी तुटून हातात येते. खरी अडचण जाडीची. दोन्ही कंडरा दुमडून केलेला चौपदरी ग्राफ्ट 8 मिलिमीटरपेक्षा बारीक निघाला, तर तो पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः 20 वर्षांखालच्या मुलामुलींत. ठेंगण्या, सडपातळ रुग्णात 7 मिलिमीटर निघणं नवल नाही. मग पाच-सहा पदर करावे लागतात.

किंवा घोट्याकडची पेरोनियस लाँगस घ्यायची. भारतात आणि इंडोनेशियात ही बरीच वापरली जाते. बाहेरच्या घोट्याच्या 2-3 सेंटिमीटर वर छेद, खालचं उरलेलं टोक शेजारच्या पेरोनियस ब्रेव्हिस कंडरेला शिवायचं. स्ट्रिपर वर नेताना फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्याच्या बऱ्याच खाली थांबायचं, कारण तिथे नस हाडाला वळसा घालते. ती दुखावली तर पाऊल लुळं पडतं.

नॉर्वेचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे 2004 पासून या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदणी आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये 2005 पासून. हॅमस्ट्रिंगच्या ग्राफ्टवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ अधिक येते, असं नोंदींतून दिसलं आणि नॉर्वेतले सर्जन मोठ्या संख्येने वाटीखालच्या कंडरेकडे परतले. हा बदल मोजणीतून आला.

फ्रान्सची वाट आणखी वेगळी. तिथले सर्जन लमेर यांनी 1967 मध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आधार देणारी शस्त्रक्रिया मांडली. इलिओटिबियल बँडचा (मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखाली जाणाऱ्या चिवट पट्ट्याचा) 1 सेंटिमीटर रुंद, सुमारे 8 सेंटिमीटर लांब पट्टा बाहेरच्या लिगामेंटखालून नेऊन मांडीच्या हाडाला बसवतात. फार ताणून बसवला, तर गुडघ्याची बाहेरची बाजू आवळली जाते. कॅनडा आणि युरोपमधल्या 618 तरुण रुग्णांच्या चाचणीत (2020) हॅमस्ट्रिंगला ही जोड दिल्यावर ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण दोन वर्षांत 11 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं.

मृत दात्याच्या कंडरा अमेरिकेत सहज मिळतात, पण तरुण खेळाडूंत त्या जास्त तुटतात. त्या मिळत नाहीत म्हणून विशीतल्या रुग्णाने हळहळू नये.

तुमच्या सर्जनना एवढं विचारा: ग्राफ्ट 8 मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर पुढची कंडरा कुठली? ती घोट्याची असेल, तर संमतीपत्रात तसं आधीच लिहून घ्या आणि टेबलावर पाय घोट्यापर्यंत निर्जंतुक करून मोकळा ठेवणार का, तेही विचारा.