छोट्या घरगुती कॅम्पर ट्रेलरमध्ये फ्रीज कोठे बसवावा : एका चाचणी-प्रवासाचा वृत्तांत

घरी बांधलेल्या छोट्या कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढून नेण्याच्या फिरत्या निवासाच्या, आराखड्यात पलंग, ओटा आणि कपाटे यांच्या जागा आधी ठरतात आणि जो कोपरा उरेल तेथे फ्रीज जातो, असे पुष्कळदा घडते. आमच्या ट्रेलरची बांधणी चालू असताना आम्ही हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला. सांगाडा, भिंती, छत आणि पलंगाची चौकट एवढे काम पूर्ण झाल्यावर आतले एकही कपाट पक्के न करता आम्ही दोघे ट्रेलर घेऊन लांबच्या प्रवासाला निघालो, आणि त्या प्रवासात एकच फ्रीज तीन वेगवेगळ्या जागी बांधून पाहिला. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या तिन्ही जागांचा अनुभव येथे मांडत आहे.

प्रथम सामग्रीविषयी. फ्रीज 40 लिटरचा, वरून झाकण उघडणारा, 12 व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा आहे. थंड हवा जड असल्यामुळे वरचे झाकण उघडले तरी ती आतच राहते. पुढून दार उघडणाऱ्या फ्रीजमधून ती दर वेळी खाली सांडते. भरलेल्या अवस्थेत त्याचे वजन 32 किलो होते. फ्रीज वगळून ट्रेलरचे वजन 560 किलो, आणि ॲक्सलपासून (चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यापासून) हिचपर्यंतचे (ट्रेलर गाडीला जेथे जोडतो त्या जोडापर्यंतचे) अंतर 2.6 मीटर आहे. निघण्यापूर्वी ट्रेलर सपाट जागी समतल ठेवून हिचखाली वजनकाटा घातला, तेव्हा हिचवर येणारा भार 58 किलो भरला. हा आकडा टिपून ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्याशीच जोडलेला आहे. बॅटरी पुढच्या भिंतीला लागून, आतल्या बाजूस बसवलेली होती.

पहिल्या टप्प्यात फ्रीज मागच्या टोकाला, जेथे ओटा यायचा होता तेथे बांधला. ट्रेलरचे मागचे झाकण वर उचलले की उभ्याने स्वयंपाक करता येतो, हाताशी फ्रीज असतो, आणि आतल्या झोपायच्या जागेला धक्का लागत नाही. वापराच्या सोयीने पाहिले तर ही जागा खरोखरच उत्तम आहे, आणि म्हणूनच ती इतक्या जणांना मोहात पाडते. मात्र ॲक्सलच्या मागे 1.4 मीटरवर ठेवलेले 32 किलो हिचवरचा भार सुमारे 17 किलोंनी कमी करतात. हा हिशेब कोणालाही करता येतो : वस्तूचे वजन गुणिले तिचे ॲक्सलपासूनचे अंतर, भागिले ॲक्सल ते हिच हे अंतर. वस्तू मागे असेल तर उत्तर वजा करायचे, पुढे असेल तर मिळवायचे. आमच्या बाबतीत 58 चे 41 किलो झाले, म्हणजे एकूण वजनाच्या जेमतेम सात टक्के. हिचवरचा भार किती असावा याबाबत निरनिराळ्या देशांतील प्रथा वेगळ्या आहेत. कोठे 10 ते 15 टक्के सांगतात, कोठे त्याहून कमी. परंतु भार जितका कमी, तितकी ट्रेलरची शेपूट डोलण्याची प्रवृत्ती वाढते, याबद्दल दुमत नाही.

सपाट डांबरी रस्त्यावर मध्यम वेगात काही जाणवले नाही. उतारावर, शेजारून एक उंच मालवाहू गाडी वेगाने पुढे गेली तेव्हा मात्र ट्रेलर डावी-उजवीकडे दोनदा हलला आणि मग स्थिरावला. अशा वेळी वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा प्रयत्न करू नये आणि जोरात ब्रेकही दाबू नये; पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा. डोलणे सौम्य होते, तरी मागे फ्रीज आणि त्याच्या जोडीला नंतर कधीतरी पाण्याची टाकी, शेगडी व भांडी आली तर काय होईल, याचा अंदाज येण्यास तेवढे पुरेसे होते.

याच टप्प्यात पुढे काही रस्ता कच्चा होता, आणि तेथे दुसरी गोष्ट कळली. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे चाकांनी उडवलेली धूळ मागच्या फटींतून आत ओढली जाते. मुक्कामाला पोहोचल्यावर फ्रीजच्या बाजूची जाळी काढून पाहिली, तर कंडेन्सरच्या (फ्रीजमधील उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पातळ पत्र्यांमध्ये पिठासारखी धूळ बसली होती, आणि पंख्याच्या पात्यांच्या कडांवर तिची रेघ उठली होती. मऊ ब्रशने ती निघाली. पण ज्या पत्र्यांमधून उष्णता बाहेर जायची, त्यांच्यातच असा थर बसत राहिला तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालणार, हे उघड आहे.

विजेच्या दृष्टीनेही मागचे टोक गैरसोयीचे ठरते. बॅटरीपासून फ्रीजपर्यंत 4.5 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 9 मीटर वायर लागली. 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीत साडेचार अँपिअरला एवढ्या लांबीत सुमारे 0.28 व्होल्ट वाया जातात, आणि जोडण्यांत होणारी घट वेगळीच. मोठ्या विद्युतदाबावर ही घट नगण्य वाटेल. 12 व्होल्टच्या व्यवस्थेत ती नगण्य नाही. या फ्रीजमध्ये बॅटरी पूर्ण उतरू नये म्हणून ठरावीक व्होल्टला बंद होण्याची सोय असते, आणि ते व्होल्ट फ्रीज स्वतःच्या टोकाशी मोजतो. बॅटरीत शक्ती शिल्लक असूनही पहाटे फ्रीज बंद पडतो, त्याचे कारण अनेकदा बारीक आणि लांब वायर हेच असते. तशात सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेतली असेल, तर ते सॉकेट हलून सैल होते व तापते. फ्रीजसाठी बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि अडकून बसणारा जोड एवढे करावेच.

दुसरी जागा म्हणजे ट्रेलरच्या बाहेर, पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावरील पेटी. हिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बॅटरी अगदी जवळ आली आणि आत मोकळी जागा मिळाली, हे खरे. परंतु ॲक्सलच्या पुढे 2 मीटरवर ठेवलेल्या त्याच 32 किलोंनी हिचवरचा भार जवळपास 25 किलोंनी वाढवला आणि तो 83 किलोंवर गेला. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा 75 किलोंची आहे. त्यामुळे या जागी फ्रीज भरून चालवण्याचा प्रश्नच नव्हता. रिकामा फ्रीज बांधून थोडे अंतर कापले आणि मुक्कामी उभे असतानाच तो भरून पाहिला. पत्र्याची पेटी दुपारच्या उन्हात तापते, पावसात उघडता येत नाही, आणि ओढणाऱ्या गाडीच्या चाकांनी उडवलेले खडे तिच्यावरच आदळतात. जड गाडी आणि मोठा ट्रेलर असलेल्यांनी हिचा विचार करावा, इतरांनी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी जागा ॲक्सलच्या पुढे साधारण 30 सेंटिमीटरवर, बाजूच्या दाराला लागून, थेट ट्रेलरच्या जमिनीवर. येथे हिचवरचा भार 58 चा जेमतेम 62 किलो झाला. त्याहून महत्त्वाचे असे, की फ्रीज रिकामा असो वा भरलेला, हा आकडा फारसा बदलत नाही. प्रवासात सामान संपत जाते, फ्रीज हलका होत जातो, आणि टोकाला ठेवलेली प्रत्येक गोष्ट रोज तोल बदलत राहते. ॲक्सलजवळ ठेवलेली वस्तू तसे करत नाही. घाटातल्या वळणांवर आणि नंतरच्या लांब उतारावर ट्रेलर गाडीमागे निमूट चालला. खड्ड्यांचे हिसकेही ॲक्सलजवळ सर्वांत कमी बसतात, हे फ्रीजमधल्या बाटल्या पाहून समजते. मागच्या टोकाला त्या एकमेकींवर आपटून आडव्या होत, येथे जागच्या जागी राहिल्या.

तरीही या जागेत सोडवायच्या गोष्टी होत्या, आणि त्यांत सर्वांत मोठी हवेची. अशा फ्रीजला स्वतःचा पंखा असतो. तो एका बाजूने हवा आत घेतो आणि दुसऱ्या बाजूने गरम करून सोडतो. फ्रीज तीन बाजूंनी बंद अशा खणात ठेवला की सोडलेली गरम हवा फिरून पुन्हा आत घेतली जाते. हवा नेमकी कशी वाहते हे पाहण्यासाठी पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी दोन्ही जाळ्यांपाशी धरावी : एकीकडे ती जाळीला चिकटते, दुसरीकडे बाहेर फडफडते. आम्ही ती पट्टी खणाच्या कडेने हळूहळू सरकवत नेली, तेव्हा फ्रीज आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून गरम हवा मागे वळताना दिसली. तेथे फोमची एक उभी पट्टी चिकटवून दोन्ही प्रवाह वेगळे केले. गरम बाजूला भिंतीत वर एक जाळी बसवली, जिचे तोंड मागे व खाली वळलेले आहे, म्हणजे चालताना पाऊस आत घुसत नाही. थंड हवा पलंगाखालून, बारीक जाळीमागून येते. जमिनीला भोक पाडून हवा घेण्याची कल्पना काहींना सुचेल, परंतु त्यातून धूळ आणि चिखलाचे शिंतोडे आत येतात.

या एका बदलाचा परिणाम बॅटरीवर दिसतो. बॅटरीला लावलेल्या मीटरवर मागच्या बंद खणातील फ्रीजने चोवीस तासांत 62 अँपिअर-तास (बॅटरीतून घेतलेल्या विजेचे माप) घेतले होते. येथे, जवळपास तशाच हवामानात, 38 घेतले. दोन दिवसांचे ऊन कधीच अगदी सारखे नसते, त्यामुळे हे आकडे केवळ दिशादर्शक समजावेत. तरीही 100 अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर तिच्यातील निम्मीच शक्ती वापरायची असते, हे लक्षात घेतले म्हणजे फरकाचे महत्त्व कळेल. मागच्या टोकाला फ्रीज एक पूर्ण दिवसही चालत नाही, येथे एक दिवस ओलांडून पुढे जातो. 100 वॉटचे सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 30 अँपिअर-तासांच्या आसपास देते. येथील खर्च त्यातून बराचसा भरून निघतो. मोठी बॅटरी विकत घेण्याआधी फ्रीजभोवतीची हवा मोकळी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. बॅटरीपासूनचे अंतरही आता दीड मीटरच राहिले, आणि 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यामुळे होणारी घट मोजावी लागेल एवढीही उरली नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. दिवसा कॉम्प्रेसर ऐकूही येत नाही, पण रात्री प्लायवूडचा पोकळ खण त्याची घरघर वाढवतो. फ्रीजखाली जाड रबराची चकती चारही कोपऱ्यांना ठेवल्यावर ती बरीच कमी झाली, आणि उशा फ्रीजच्या विरुद्ध टोकाला नेल्यावर झोपेची तक्रार उरली नाही. म्हणून पलंगाची दिशा फ्रीज ठरल्यानंतरच ठरवावी.

झाकण वर उघडते, तेव्हा ते पूर्ण उभे राहील एवढी मोकळी जागा फ्रीजच्या वर लागते. फळीखाली फ्रीज ठेवून तो सरकत्या चॅनेलवर बाहेर ओढण्याची पद्धत लोकप्रिय आहे. चॅनेल घ्यायचेच असतील तर भरलेल्या फ्रीजच्या किमान दुप्पट वजन पेलणारे, आणि आत व बाहेर दोन्ही स्थितींत अडकणारे घ्यावेत. आम्ही मात्र ते टाळले. त्यांचे स्वतःचे वजन असते, ते फ्रीजला चार-पाच सेंटिमीटर उंच करतात आणि कच्च्या रस्त्यावर खडखडतात. दाराशेजारी वरची जागा रिकामी सोडली की ट्रेलरमध्ये न चढता, बाहेर उभे राहूनच झाकण उघडता येते. त्यासाठी एका कपाटावर पाणी सोडावे लागले, आणि ते योग्यच झाले.

बांधणीबाबत हयगय करू नये. पट्टे प्लायवूडच्या जमिनीत स्क्रू मारून बसवलेल्या कड्यांना नव्हे, तर खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत बोल्टने नेलेल्या कड्यांना अडकवावेत. जोरदार ब्रेक लागला की 32 किलोंचा फ्रीज पुढे झेपावतो, आणि खड्ड्यात तो वर उचलला जातो. पट्टे चारही बाजूंना तिरके खाली ओढलेले असावेत. पहिल्या तासाभराच्या प्रवासानंतर थांबून ते पुन्हा आवळावेत, कारण रबर दबते आणि पट्टे सैल होतात. निघण्यापूर्वी घरच्या विजेवर फ्रीज पूर्ण थंड करून, आधीच थंड केलेले सामान त्यात भरावे.

ज्यांच्याकडे गॅसवर चालणारा, शोषण पद्धतीचा (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) फ्रीज आहे, त्यांना यांतील बरेच नियम लागू पडत नाहीत. त्याला ज्योत असते, म्हणून तो बाहेरच्या भिंतीला लागून, खाली व वर अशा दोन बाह्य जाळ्यांसह आणि झोपायच्या जागेपासून हवाबंद असाच बसवावा लागतो. ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड छोट्या बंद जागेत जीवघेणा ठरतो, त्यामुळे त्याची सूचना देणारे यंत्र आत हवेच. शिवाय तो ट्रेलर जवळजवळ समतल असतानाच नीट चालतो. एवढ्या लहान ट्रेलरमध्ये मी तो बसवणार नाही.

अजून फ्रीज घेतलेला नसेल तर त्याच मापाचे पुठ्ठ्याचे खोके करून, त्यात पाण्याच्या बाटल्या भरून तेवढेच वजन करावे आणि ठरवलेल्या जागी बांधून ट्रेलर फिरवून आणावा. हिचवरचा भार त्याच वेळी मोजावा, आणि पाण्याची टाकी भरल्यावर पुन्हा एकदा मोजावा. जागा पक्की करताना खणाची लांबी-रुंदी प्रत्येक बाजूला 5 सेंटिमीटर जास्त ठेवावी. तेवढी हवा आजच्या फ्रीजलाही लागते, आणि पुढे निराळ्या मापाचा फ्रीज आला तर खण कापावा लागत नाही.