एकच की, दोनदा

रिलीज होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती आणि सर्व्हिस आडवी पडली. बिल्ड हिरवा, मर्जमध्ये एकही कॉन्फ्लिक्ट नाही, हेल्थ चेकसुद्धा पास. पण एरर मेसेज शोधायला जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट टाइप-इनिशियलायझेशन-एक्सेप्शन देऊन मरत होती. या नावावरून कुणालाच काही कळत नाही. खरं दुखणं इनर एक्सेप्शनमध्ये, म्हणजे आत दडलेल्या मूळ एररमध्ये. तिथे म्हटलं होतं, यादीत ही 'की' (जिच्यावरून किंमत शोधतात ते नाव) आधीच घातलेली आहे. कोणती, ते मात्र नाही. मायक्रोसॉफ्टच्या नव्या डॉटनेट कोरमध्ये मेसेज कीचं नाव सांगतो, जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये सांगत नाही. आम्ही अर्थातच जुन्यावर.

एरर कोड ही की आणि मेसेज ही तिची किंमत, अशा जोड्यांची ती दीडेकशे ओळींची स्टॅटिक (प्रोग्रॅममध्ये एकदाच बनणारी) डिक्शनरी. बनवतानाच महिरपी कंसात सगळ्या जोड्या भरलेल्या. सी शार्प भाषेत ३.० पासून असं लिहिता येतं, दिसायलाही देखणं. कंपायलर मात्र त्यातल्या प्रत्येक जोडीसाठी ॲड मेथड कॉल करतो, आणि तीच की दुसऱ्यांदा आली की ॲड एक्सेप्शन फेकते. तेही रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालताना; कंपाइल करताना कुणी हटकत नाही. शिवाय स्टॅटिक, म्हणजे एकदा फसलं की त्या प्रोसेसपुरता अख्खा क्लास गेला.

"चौकोनी कंस टाक ना, सी शार्प ६ पासून चालतात," शेजारचा म्हणाला. फाइंड-रिप्लेस केलं, क्रॅश गायब. कमिट करणारच होतो, पण हात अडला. चौकोनी कंसात ॲड नसते, थेट इंडेक्सरमधून असाइनमेंट होते, म्हणजे त्या कीपुढे किंमत सरळ लिहिली जाते. दुसरी किंमत पहिलीवर मुकाट्याने बसते. म्हणजे कुणाचा तरी एक मेसेज आता गिळला जात होता. कुणाचा?

सगळ्या की सॉर्ट करून डुप्लिकेट शोधल्या. एकही नाही! अर्धा तास वैताग. मग वर कन्स्ट्रक्टरकडे, डिक्शनरी बनवणाऱ्या ओळीकडे, लक्ष गेलं: की कशा ताडायच्या ते ठरवणारा ऑर्डिनल-इग्नोअर-केस कंपेरर. या डिक्शनरीला कॅपिटल-स्मॉल सारखंच. परत बघितलं तर ऐंशीव्या ओळीच्या आसपास एक कोड कॅपिटलमध्ये, तळाशी तोच स्मॉलमध्ये. दोन ब्रँचवर दोघांनी लिहिलेला, ओळी एकमेकींपासून लांब असल्याने मर्ज करताना गिटलाही काही खटकलं नाही.

वरचा मेसेज: "पैसे कापले गेले आहेत, पुन्हा प्रयत्न करू नका." खालचा: "पुन्हा प्रयत्न करा." चौकोनी कंसांत खालचा जिंकला असता.

महिरपी कंस परत आणले, खालची ओळ उडवली आणि पुढच्या वेळी रिलीजआधीच फुटावं म्हणून डिक्शनरीतून एक किंमत मागणारी चार ओळींची टेस्ट लिहिली.